धुऱ्यावरची तार

बाबा, गेल्या महिन्यात नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात मेलेल्या बैलापाशी उकिडवी बसले होते, तेव्हा तुमचा हात आठवला. चेहरा नाही, हात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आता फोटोतलाच आठवतो, तोही कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतला, जिथं सगळे हसताहेत आणि तुम्ही फोटोग्राफरकडे संशयानं बघताय. पण तुम्हाला वावरातून आणून अंगणात ठेवलं तेव्हाचा तुमचा उजवा हात मला लख्ख आठवतो. तळव्यावर आडवी काळी रेघ होती, कोणी कोळशानं ओढावी तशी. मी नववीत होते. मी त्या हाताकडे बघतेय हे आईच्या लक्षात आलं आणि तिनं चादरीचा काठ ओढून तो झाकला. वीज पडून गेले, असं मोठेबाबांनी सांगितलं, मग गावानं सांगितलं, मग कागदावरही तेच आलं. त्या दिवशी आभाळ गडगडत होतंच, त्यामुळे कोणी जास्त विचारलं नाही.

मी जनावरांची डॉक्टर झालेय, हे तुम्हाला माहीत नाही. अमरावतीत राहते आणि नोकरीसाठी रोज नांदगाव खंडेश्वरला जाते. पावसाळ्यात वीज पडून जनावर दगावलं की सरकारकडून मालकाला मदत मिळते, आणि जनावर कशानं मेलं ते लिहून देण्याचं काम माझ्याकडे येतं. तर तो बैल लिंबाच्या झाडाखाली पडला होता. मालक, त्याची बायको आणि निम्मं गाव भोवती उभं. "काल भल्ली मोठी इज पडली ना मॅडम, तिच्यातच गेला," मालक म्हणाला. मी झाडाकडे पाहिलं. एक पान करपलेलं नव्हतं. बैलाच्या पुढच्या पायावर, गुडघ्याच्या खाली, बोटभर रुंदीची भाजल्याची रेघ होती. मग मी उठले आणि कोणाला काही न सांगता दोन वावरांमधल्या धुऱ्यापर्यंत चालत गेले. ओल्या काळ्या मातीत ओळीनं भोकं होती, नुकत्याच उपटलेल्या खुंट्यांची. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर अशी तार ओढतात, हे तुम्हाला काय सांगायचं. बॅटरीवरचं झटका मशीन असलं तर जनावर दचकतं आणि मागं फिरतं. पण पुष्कळ लोक लाईनवर आकडा टाकून तारेत सरळ करंट सोडतात, आणि मग डुक्कर येवो, बैल येवो की माणूस, तारेला सगळे सारखेच.

"ह्या खुंट्या कोणाच्या?" मी विचारलं. मालकाची बायको अंगठ्यानं माती उकरत राहिली. "धुऱ्यापलीकडचं वावर कोणाचं आहे?" तेव्हा मालक म्हणाला, "माया भावाचं." आणि लगेच पुढं, "भाऊ लय चांगला माणूस हाय, मॅडम." कोणी न विचारता एखाद्याला चांगला म्हणायला लागलं की माझे कान टवकारतात. ही देणगी तुमचीच. अहवाल चार दिवसांनी देते म्हणाले आणि निघाले. त्या भावाला मी पाहिलंही नव्हतं, पण गाडीत बसल्यावर त्याच्या जागी मला एकच माणूस दिसायला लागला. मोठेबाबा. तुमचे थोरले भाऊ, ज्यांचं वावर तुमच्या वावराला लागून होतं, मधे फक्त एक धुरा. ज्यांनी तुमच्यामागं मला लहानाचं मोठं केलं.

तुम्ही जगात कोणावर विश्वास ठेवला नाही, बाबा. बियाण्याची पिशवी आणली की मूठभर दाणे आधी ओल्या गोणपाटात ठेवून उगवतात का बघायचे, मग पेरायला काढायचे. रेडिओवर पाऊस सांगितला की अंगणात येऊन स्वतः आभाळ बघायचे आणि रेडिओ खोटं बोलतो म्हणून बंद करायचे. पाहुणा गोड बोलायला लागला की पाणी आणायच्या निमित्तानं आत येऊन आईला म्हणायचे, "हा काहून इतका गोड बोलून राह्यला, पाह्य." नवीन वस्तू घ्यायची नाही, कारण नव्यात फसवतात. जुनीच दुरुस्त करायची, आणि तुमची दुरुस्ती म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. छत्रीची मूठ, बादलीचा कान, पंपाचा पाइप, सगळीकडे ट्यूब. माझ्या दप्तराचा बंद तुटला तेव्हा ओसरीत बसून तुम्ही त्यावर पट्टी गुंडाळली. आधी उजवीकडून घट्ट वेढे, मग त्यांच्यावरून उलटे, आणि शेवटचं टोक आतून काढून दातांनी ओढलं. "आता हत्ती लटकला तरी नाई तुटत," म्हणालात. वर्गातल्या मुली मला पंक्चरवाली म्हणायच्या. दोन वर्षांत दप्तर फाटलं, बंद मात्र तसाच राहिला.

तुमची एक उलटतपासणी मी जन्मात विसरणार नाही. भूगोलाच्या बाईंनी आपत्तींचे दोन प्रकार शिकवले होते, आणि मी चुलीपाशी बसून ते मोठ्यानं पाठ करतेय. भूकंप, पूर, वीज, दुष्काळ, हे नैसर्गिक. आग, अपघात, वायुगळती, हे मानवनिर्मित. तुम्ही जेवायला बसलेले. "पूर कोन्त्यात म्हणे?" तुम्ही विचारता. "नैसर्गिक." "मंग खालच्या आळीत यंदा घराघरात पाणी घुसलं, ते कोन्त्यात?" मी म्हणते, तेही नैसर्गिक, पाऊस किती झाला. तुम्ही हातातला घास ताटात ठेवता. "पाऊस दरसाल येते. पाणी यंदाच काहून घुसलं?" आई म्हणते, पाठ करू द्या तिला. सकाळी तुम्ही मला पांदण रस्त्यावर नेता. त्याच वर्षी मुरूम टाकून तो कमरेएवढा उंच केलेला असतो, आणि पलीकडचं पाणी जायला खाली एक सिमेंटचा नळा, ज्यातून मांजरही अंग चोरून गेलं असतं. "हे कोणं टाकलं? देवानं?" मी मान हलवते. "देवावर ढकलायले सोपं असते, पोरी. देव पंचनाम्यावर सही कराले येत नाई. कोणी म्हटलं ना आभायातून आलं, का पयले खाली जमिनीवर पाहत जाय." सहामाहीत मी पेपरात पांदण रस्ता लिहिला. बाईंनी अर्धे मार्क कापले आणि पुस्तकातलंच लिहीत जा म्हणाल्या.

तुमच्यामुळे मला कुठल्याही संकटात नुसतं हळहळता येत नाही. अकोल्यात शिकायला होते तेव्हा आमच्या खोलीत एकदा पाणी शिरलं. पलंगाखालच्या चपला दारापर्यंत तरंगत आल्या. घरमालक म्हणाला, मोर्णेला पूर आला, त्याला कोण काय करणार. माझ्या मैत्रिणी वह्या वाळत घालत होत्या आणि मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाणी कुठून येतंय ते बघायला निघाले. नदी एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूनं. मागं नवा लेआउट पडला होता, त्याची भिंत थेट नाल्यात बांधलेली, आणि अडलेला नाला आमच्या खोल्यांमधून वाट काढत होता. मी येऊन सांगितलं तर घरमालक म्हणाला, "तुम्हाले काय करा लागते डॉक्टरीन बाई, गादी वाळवा ना." नंतर कळलं, त्या लेआउटमध्ये त्याचाही प्लॉट होता. मी तेव्हा खोलीवर येऊन हसत सुटले, कारण तुम्ही शेजारी उभं राहून बघ म्हणताय असं मला वाटलं.

आणि तरी तुमच्या बाबतीत मी आभाळाकडेच बघत राहिले. सगळ्यांच्या पुरामागचा माणूस शोधून काढणारी मी, घरातल्या मरणाला नैसर्गिक म्हणून मोकळी झाले. एकदाच काय ते आईला विचारलं होतं. कॉलेजात भाजण्याच्या जखमांवर शिकवलं होतं आणि मी सुट्टीत घरी आले होते. आई पिठलं ढवळत होती. "बाबांच्या हातावर ती रेघ कशाची होती?" तिचा हात थांबला. "इज अंगातून कुठून बी जाते. तुया मोठेबाबाले विचार." मग पातेल्यातली गुठळी मोडत म्हणाली, "नाई, नोको विचारू. ताट घे." मी ताट घेतलं. आईही आता नाही, चार पावसाळे झाले. पण तो शब्द, नोको विचारू, माझ्या मनात तसाच पडून होता आणि त्या बैलानं तो वर काढला.

मग मी एकेक गोष्ट जुळवायला लागले, अगदी तुम्ही जुळवली असती तशी. आपल्या गावाच्या शिवारात, पातूरच्या डोंगराकडच्या बाजूला, रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, इतक्या की धुऱ्यावर तार नाही असं वावर सापडत नाही. फक्त मोठेबाबांच्या वावराला तार नाही. तुम्ही गेल्यापासून नाही. सत्तरी उलटली तरी मचाणावर बसून डबा वाजवतात, आणि तरीही डुकरं दरसाल हरभऱ्यात नाचून जातात. मी त्यांना बॅटरीचं मशीन घेऊन देते म्हणाले, त्यात धोका नाही, सरकारही चालू देतं, तर म्हणाले, "माया समोर तारेचं नाव काढू नोको." दुसरी गोष्ट, बैलांच्या कोठ्यात उंच खुंटीवर गोणपाटात गुंडाळलेलं तारेचं एक वेटोळं. दहावीत असताना कपडे वाळत घालायला म्हणून मी ते काढायला गेले, आणि ज्या माणसानं मला कधी आवाज चढवून हाकही मारली नाही, तो माझ्या अंगावर ओरडला. तिसरी गोष्ट, तुमच्या नावानं आलेली सरकारी मदत. त्यातला पैसाही त्यांनी वापरला नाही. माझ्या शिक्षणाला ठेवली, आणि कमी पडलं तिथं स्वतःचं घातलं. इतका चांगुलपणा. तुम्ही असता तर पाणी आणायच्या निमित्तानं आत आला असता आणि म्हणाला असता, हा काहून इतका चांगला वागून राह्यला, पाह्य.

मला एकच उत्तर दिसत होतं. तार त्यांची. करंट त्यांचा. भाऊ मेला, तार गुंडाळून लपवली, आभाळाचं नाव सांगितलं, आणि मग जन्मभर पुतणीचं करून ते फेडत राहिले. तीन दिवस मी नीट जेवले नाही. ज्या माणसाच्या हातचं खाऊन वाढले, त्याच्याच हातानं बाप गेला असेल तर मी काय करायचं, हे मला कळत नव्हतं. मोठेबाबांशिवाय मला माहेर म्हणावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही. विचारलं नाही तर त्यांच्या ताटाला ताट लावून बसता येणार नव्हतं, आणि विचारलं तर कदाचित कायमचंच नाही.

रविवारी निघाले. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून पातूर, तिथून पुढं ऑटो. मोठेबाबा ओसरीत बसून अंबाडीची दोरी वळत होते. मला बघून तोंडभर हसले. "आली काय, माय. सण ना वार, आज कशी काय?" स्वतः उठून चहा टाकला, तुम्हाला आवडायचा तसा, साखर जास्त. मी कप हातात घेतला आणि म्हणाले, "मोठेबाबा, बाबा वीज पडून गेले नाहीत."

त्यांनी दोरी वळायची थांबवली नाही. "कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. मी रोज तेच काम करते. बाबांच्या हातावरची रेघ तारेची होती." मग एका दमात विचारून टाकलं, "तार तुमची होती ना?"

आता हात थांबले. ते माझ्याकडे बघायला लागले, रागानं नाही, एखादं माणूस ओळखीचं आहे का ते बघावं तसं. "तुले असं वाटून राह्यलं? कईपासून?"

"बैल पाहिला तेव्हापासून. आतून बहुतेक आधीपासून."

"आन तरी बी दर सणाले येत गेली." त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "तार मायी नोती, माय. तुया बापाची व्हती."

मग त्यांनी सांगितलं, आणि मी ते इथं तुम्हालाच सांगतेय, कारण तुमच्याकडून ऐकायला मिळणार नाही. "त्या हप्त्यात रातची लाईन व्हती. रातभर तो तारेत करंट सोडे, सकाऊन लाईन गेली का झालं. आकडा काढतच नोता. मी म्हणो, काढत जाय बापा. तं म्हणे, दिवसा लाईनच नाई तं काय काढू. मंग पाळी बदलली, दिवसाची झाली. साऱ्या गावाले मालूम, तो भुलला. त्या दिवशी वारं सुटलं, धुऱ्यावरची खुंटी पडली. गडगड सुरू झाली तशी लाईन बी गेलीच व्हती. तो खुंटी उभी कराले गेला. तार हातात धरली, आन लाईन आली." ते थांबले, तांब्यातलं पाणी प्यायले. "मी माया वावरातून पयत आलो. वाळल्या बांबूनं आकडा पाडला. नाक पाह्यलं, छाती पाह्यली. काही नोतं. मंग मी बोंबललो नाई, माय. पयले खुंट्या उपटल्या. पयले तार गुंडायली. भाऊ तिथं पडला व्हता आन मी तार गुंडायत व्हतो. मंग बोंबललो, इज पडली म्हून."

"काहून?" मी विचारलं. माझ्या तोंडून तो शब्द अगदी तुमच्या आवाजात निघाला, त्यांनीही चमकून पाहिलं.

"त्याच्या नावानं लोकं थुंकले असते. त्या तारेले दुसऱ्याचं लेकरू लागलं असतं तं, असं म्हणाले असते, आन खरंच व्हतं ते. तुले मदत भेटली नसती. आन दुसरं," ते दोरीचा पीळ बोटानं चाचपत म्हणाले, "आभायाच्या नावानं लेकरू रडते आन चुप होते. बापाच्या हातानं झालं म्हटलं तं चुप नाई होत. तुया मायले मी त्याच दिवशी सांगतलं. तिनंच म्हटलं, पोरीले नोको."

खरं सांगते, बाबा, मी विश्वास ठेवला नाही. तुमचीच मुलगी ना. मनात पहिलं हेच आलं की देवावर ढकलणं सोपं असतं तसं मेलेल्यावर ढकलणंही सोपंच. मेलेलाही पंचनाम्यावर सही करायला येत नाही. मी म्हणाले, "कोठ्यातलं वेटोळं काढा." ते उठले, काठीनं खुंटीवरून ते खाली घेतलं आणि माझ्यासमोर गोणपाटाची गाठ सोडली. गंज हाताला लागला. जिथं जिथं खुंटीला तार टेकवायची होती तिथं, आणि आकड्याकडच्या टोकाला, रबर गुंडाळलेलं होतं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. वाळून तडकल्या होत्या, पण वेढे तसेच होते. आधी उजवीकडून, मग त्यांच्यावरून उलटे, आणि शेवटचं टोक आतून काढून ओढलेलं. मी नखानं एक पट्टी उकलून पाहिली. टोक चपटं झालं होतं, दातांखाली धरलेलं असतं तसं. असा बंद मी दोन वर्षं खांद्यावर वागवला होता.

मी तिथंच शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. मोठेबाबा चहा थंडा झाला म्हणाले आणि दुसरा करायला आत गेले. जगातल्या प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक पाहुण्यावर, रेडिओतल्या बाईवरसुद्धा संशय घेणारे तुम्ही, बाबा, आणि लाईनच्या पाळीवर डोळे मिटून विसंबलात. दाणे उगवून बघत होता, मग तार टेस्टरनं बघायला काय झालं होतं? त्या धुऱ्यावरून मी शाळेतून यायचे. चिखल असला की पांदण सोडून धुऱ्यानंच यायचे, हे तुम्हाला माहीत होतं. दिवसा लाईन नसते म्हणून मी वाचले, आणि पाळी बदललेल्या त्या दिवशी मी आधी आले असते तर मोठेबाबांना माझीही छाती बघावी लागली असती. हे लिहिताना मला तुमचा खूप राग येतो आहे.

ते चहा घेऊन आले तेव्हा मी विचारलं, "हे फेकून का नाही दिलंत?" म्हणाले, "फेकलं असतं तं कोणी उचलून लावलं असतं." म्हणून वीस वर्षांहून जास्त काळ ते गोणपाटात. म्हणून त्यांच्या धुऱ्याला तार नाही, झटका मशीनही नाही, आणि मी ते अपराध्याचं लक्षण समजून बसले होते. पण त्यांनाही मी सोडलं नाही. मी म्हणाले, मोठेबाबा, तुम्ही वीज म्हणालात, त्यानंतर गावानं काय केलं आठवतं का? लोकांनी वर्गणी काढून देवळाच्या कळसावर तांब्याची सळई बसवली. पावसात झाडाखाली कोणी उभं राहीना. ढग वाजला की बायका वावरातून घरी पळायच्या. आणि तारा सगळ्या तशाच राहिल्या, आकडे तसेच राहिले, कारण तारेनं कोणी मेलंच नव्हतं. मोठेबाबा म्हणाले, "मालूम हाय. म्हून तं मचाणावर बसतो." मला वाटतं ते डुकरांसाठी नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्याला हाळी देण्यासाठी बसत असावेत, की अमक्याच्या धुऱ्यानं जाऊ नका. पण हा माझा अंदाज, त्यांना विचारलं नाही.

मग मी बैलाच्या मालकाकडे परत गेले. "मॅडम, इज लिवता ना?" त्यानं दारातच विचारलं. या वेळी मी तार कोणाची असं विचारलं नाही, तार कुठं आहे असं विचारलं. त्याची नजर नकळत स्वतःच्याच माळ्याकडे गेली. भावाचा काही संबंध नव्हता, भाऊ खरोखरच चांगला माणूस निघाला. बायको आत गेली आणि तिनंच ती तार आणून माझ्या पायापाशी टाकली. "लेकरं खेयतात जी तिथं," एवढंच म्हणाली. मी अहवालात करंट लिहिलं. मालक म्हणाला, "आमचं गेलं, पण तुमाले काय भेटलं, मॅडम?" वीज लिहिलेल्या कागदावर मी शिकले, डॉक्टर झाले, आणि शिकून त्याचा तोच कागद अडवला. हे बरोबर केलं असं मला वाटतं, पण ते वाटणं काही सुखाचं नाही. त्यांच्या धुऱ्यावर सध्या तार नाही. उद्या पुन्हा लावतील की काय, सांगता येत नाही, म्हणून मी अधूनमधून गाडी तिकडून वळवते आणि खुंट्या बघते. विश्वास मुळीच नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. तुमच्यापर्यंत ते जाण्याची काही सोय नाही, आणि मोठेबाबांना मी माझ्या हातानं ते वाचून दाखवणं बरं नाही. माझ्या बॅगेत औषधांच्या खाली राहील. त्या रविवारी त्यांच्याकडे जेवले, ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या डाळीचं वरण, एका ताटाला एक ताट लावून. निघताना ते ऑटोपर्यंत आले. मी बसले, तर दांडीला धरून उभे राहिले, आणि ऑटोवाल्याला थांब म्हणाले. मग खाली वाकून हळूच विचारलं, "आता चुप झाली काय, माय?"

इतकी वर्षं ते माझ्याशी खोटं बोलले होते, माझ्यासाठी. मी त्यांच्याकडे बघून हो म्हणाले.

नाही झाले, बाबा.